अण्णांना शांघायला नेले

१० ऑक्टोबर १९८७, शनिवार, पहाटे पाच वाजून वीस मिनिटे. शिकागोजवळच्या नेपरव्हिल गावी आमच्या घराच्या गॅरेजचे दार वर केले. बर्फ काढायच्या यंत्राच्या, म्हणजे स्नो ब्लोअरच्या, वर भिंतीत एक खुंटी आहे. तिच्यावरची कापडी पिशवी काढली, खांद्याला अडकवली आणि गाडीत बसलो. गाडी माझी पत्नी सुमती चालवणार होती. पिशवीत माझ्या वडिलांच्या अस्थी होत्या. त्या मी शांघायला नेत होतो. माझा जन्म त्या शहरातला. ते सोडले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आता साठ पूर्ण झाली आहेत.

"पासपोर्ट?" सुमतीने विचारले.

"आहे."

"मफलर?"

"आहे."

"अण्णा?"

"मांडीवर आहेत."

ओहेअर विमानतळाच्या टर्मिनलपाशी गाडी थांबवून ती म्हणाली, "भाऊजींना एकदा फोन करायला हवा होता." भाऊजी म्हणजे माझा थोरला भाऊ. मी त्याला दादा म्हणतो. तो नाशिकला असतो.

"करून झाला आहे," मी म्हणालो.

"पुन्हा."

"नाही."

एवढे बोलून मी आत गेलो.

शिकागोच्या मराठी मंडळींत या प्रवासाची बरीच चर्चा झाली. नाशिकलाही झाली. काहींनी मला तोंडावर विचारले, बहुतेकांनी पाठीमागे. म्हणून हे लिहीत आहे. जे मागे राहिले त्यांच्यासाठी, आणि जे माझ्यासारखे निघून आले त्यांच्यासाठीही. कोणाचे मत बदलण्याची मला गरज वाटत नाही. घडले ते माझ्याकडून कळावे, इतकेच.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी मुंबईतील एका सुताच्या पेढीचे कारकून होते. पेढीची एक शाखा शांघायला होती. तिथे माणूस हवा होता, आणि समुद्र ओलांडायला बाकीचे तयार नव्हते. अण्णा गेले. वर्षभराने आई गेली. दादा आणि मी तिथेच जन्मलो. घरात मराठी, गल्लीत शांघायची बोली, शाळेत इंग्रजी. तीन भाषा आहेत हे मला बऱ्याच उशिरा समजले. घरात एका प्रकारे बोलायचे, दाराबाहेर दुसऱ्या, असे मी मानत होतो.

शहरातून वाहत येणारी एक छोटी नदी तिथे ह्वांगपू या मोठ्या नदीला मिळते. इंग्रज तिला क्रीक म्हणत, आम्ही खाडी म्हणत असू. तिच्यात भाजीच्या नावा लागत. आई काठावर उभी राहून नावेतल्या बाईशी भाव करीत असे. नऊवारी नेसलेली, वर अण्णांचा जुना ओव्हरकोट घातलेली. तिथली पालेभाजी ती लसणाची फोडणी देऊन करी आणि तिला माठ म्हणे. तो माठ नव्हता. पुण्यात पहिल्यांदा खरा माठ खाल्ला तेव्हा मला तो खोटा वाटला.

१९३५ साली विषमज्वराने आई गेली. दहनाला चार खांदे हवे होते. इंग्रजांच्या नोकरीतल्या दोन शीख पोलिसांनी दिले, एक पेढीच्या पारशी मॅनेजरने, एक अण्णांनी. अस्थी घरात आणीत नाहीत, जमिनीवर टेकवीत नाहीत, म्हणून अण्णांनी मडके गल्लीच्या तोंडाशी एका झाडाला बांधले. सर्वांचे म्हणणे पडले की ते पेढीच्या पुढच्या बोटीने मुंबईला पाठवावे, तिथून कोणीतरी नाशिकला नेईल. अण्णा म्हणाले, "कोणीतरी म्हणजे कोण?" तिसऱ्या दिवशी त्यांनी भाजीवाल्या बाईची नाव ठरवली आणि दादाला बरोबर घेतले. दादा तेरा वर्षांचा होता. मला लहान म्हणून घरी ठेवले. मला सांभाळणाऱ्या चिनी बाईला, आमाला, मी विचारले की मडक्यात काय आहे. तिने मला तिच्या भाषेतला शब्द सांगितला. त्या शब्दाला मराठीत काय म्हणतात, ते मला पुढे पुण्यात कळले: अस्थी.

दोन वर्षांनी जपानचे युद्ध आले आणि शहर सोडावे लागले. अण्णांनी आम्हाला आंघोळी घालायला लावल्या, स्वच्छ कपडे दिले आणि धक्क्याकडे नेले. रस्त्यात मी सारखा वळून पाहत होतो. ते म्हणाले, "पुढे बघ. ठेच लागेल." 

बोटीने आलो आणि पुण्यात राहिलो. तिथे आम्हाला आईच्या मरणाची खरी शिक्षा मिळाली. आत्या, म्हणजे अण्णांची बहीण, आल्या दिवशीच म्हणाली, "बायकोला चीनच्या गटारात टाकून आलास?" अण्णांनी पेपर उघडला. पुढे घरात काहीही बिघडले की कारण तयार असे. पेढी बुडाली, आईमुळे. दादाचे पहिले मूल गेले, आईमुळे. ती अडकली आहे, तिला गती नाही, ती घराकडे पाहते आहे. अण्णा हे ऐकत आणि पेपर वाचत. मी ऐके आणि चिडे. दादाने मात्र ते मनावर घेतले. नावेत तो होता ना. त्याने शिक्षकाची नोकरी पत्करली ती मुद्दाम नाशिकला. तेव्हापासून आईच्या तिथीला तो गोदावरीवर जातो, श्राद्ध करतो, तिला तिथे बोलावतो. एकही वर्ष चुकलेले नाही. हे मी त्याच्या विरुद्ध सांगत नाही. तो कसा आहे हे कळल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

मी १९६६ साली अमेरिकेत आलो. इंजिनिअर होतो, शिकागोत यंत्रांच्या एका कारखान्यात काम मिळाले. आमचा मुलगा अजय इथे जन्मला. १९७९ साली अण्णांना आणले. ब्याऐंशीव्या वर्षी त्यांनी तिसरा देश पाहिला आणि कशाचेही कौतुक केले नाही. मफलर बांधून रोज ते डुपेज नदीच्या काठी फिरायला जात. गावातून वाहणारी लहानशी नदी. एकदा त्यांनी विचारले, "हे पाणी कुठे जातं?" मी नकाशा काढून दाखवला. इलिनॉय नदी, मग मिसिसिपी, मग समुद्र. ते म्हणाले, "म्हणजे पोचतं." 

एकदा त्यांना चिनी रेस्टॉरंटमध्ये नेले. मालक काउंटरवर होता. अण्णा त्याच्याजवळ गेले आणि शांघायच्या बोलीत बराच वेळ बोलले. मालकाने शांतपणे ऐकून घेतले आणि इंग्रजीत म्हणाला, "सर, आय ॲम फ्रॉम हाँगकाँग." अण्णा टेबलावर परत येऊन म्हणाले, "माणूस बरा आहे. पण त्याला काही येत नाही." अजय हसून हसून टेबलाखाली गेला.

त्यांचे मागणे त्यांनी एका जानेवारीत, दुपारच्या चहाच्या वेळी सांगितले. बाहेर बर्फ पडत होता.

"मला नाशिकला नेऊ नका."

"मग?"

"ती तिथे नाही."

चहा संपवून ते उठले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत ते गेले.

इथे दहनानंतर अस्थी दळून देतात. करड्या रंगाची जाडसर पूड, प्लास्टिकच्या डब्यात. मी दादाला फोनवर हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "ती राख झाली. अस्थी कुठे आहेत?"

"ह्याच अस्थी."

"आणि त्या अण्णांच्याच कशावरून?"

"डब्यावर नाव आहे."

"नाव डब्यावर असतं. आत कोण आहे?" मग म्हणाला, "असू दे. जे असेल ते घेऊन ये. मी कुंडावर सगळं ठरवून ठेवतो. निदान एकाचं तरी नीट होऊ दे."

मी त्याला अण्णांचे म्हणणे सांगितले.   तो म्हणाला, "तिला मी चाळीस वर्षं इथे बोलावतोय. आता अण्णांनाही तू तिकडे टाकणार?"

"अण्णांनी सांगितलं आहे."

"म्हातारपणी माणूस काहीही सांगतो."

"अण्णांनी तरुणपणीही तेच केलं होतं."

मी त्याला एक गोष्ट विचारली. आईला नदीत नेमके कोठे सोडले? अण्णांना ते शेवटी नीट आठवत नव्हते. नावेतला दुसरा साक्षीदार दादाच होता. तो म्हणाला, "ते मी सांगणार नाही. तुला ठिकाण माहीत नाही, तर जाऊ नकोस. साधी गोष्ट आहे." आणि फोन ठेवला. नंतर दोनदा मी फोन केला. दोन्ही वेळा त्याने प्रकृती विचारली, हवा विचारली आणि ठिकाण सांगितले नाही. हट्ट आमच्या घरात सारख्या वाटपाने आला आहे.

तोवर अण्णांना कोठे ठेवायचे हा प्रश्न होता. पहिल्यांदा पिशवी मी दारातल्या मेपलला बांधली. शेजारचा बॉब हा भला गृहस्थ. दोन दिवसांनी तो विचारत आला की ही पक्ष्यांसाठी आहे का, आणि यात दाणे कोणते घालतात. मी खरे ते सांगितले. त्याने टोपी काढली आणि घरी गेला. मार्चमध्ये खारींनी पिशवीचा बंद कुरतडला. तेव्हा सुमती म्हणाली, "गॅरेज म्हणजे काही घर नव्हे." शास्त्राला धरून हा निर्णय होता की नाही, माहीत नाही, पण व्यवहाराला धरून होता. अजय कॉलेजातून सुट्टीला आला, त्याने गॅरेज पाहिले आणि म्हणाला, "आजोबा इज नेक्स्ट टू द स्नो ब्लोअर?" मी म्हणालो, "हो. त्यांना चालतं."  मग त्याने स्नो ब्लोअर दुसऱ्या भिंतीला नेऊन लावला. थंडीचे दिवस जवळ आले तसा मी तो पुन्हा जागेवर आणला.

जोशी म्हणून इथे एक इंजिनिअर आहेत. आठवडाभर टेलिफोनच्या कंपनीत असतात, शनिवार-रविवार पूजा सांगतात. अण्णांचे दिवस त्यांनीच केले. माझा बेत ऐकून ते म्हणाले, "काका, शास्त्रात गंगा आहे, गोदावरी आहे. ह्वांगपू नाही."

"शास्त्रात नेपरव्हिल आहे का?"

"नाही."

"मग तेरा दिवस तुम्ही इथे कसे केलेत?"

ते हसले. म्हणाले, "ॲडजस्ट केलं." मग तेवढेच मीही करतो आहे, असे मी त्यांना सांगितले. मंडळाच्या गणपतीत एक बाई सुमतीला म्हणाल्या, "यार, इंडिया सोडून चायना? लोक तर अस्थी घेऊन काशीला जातात." सुमती म्हणाली, "आम्ही सासऱ्यांना घेऊन सासूकडे जातोय." त्या बाईंनी विषय बदलला. माझी पत्नी माझ्यापेक्षा कमी बोलते. पण जे बोलते ते टिकते.

मी इलिनॉयच्या निवृत्त लोकांच्या एका सहलीत नाव घातले होते. एकट्याने व्हिसा आणि हॉटेले जमवण्यापेक्षा ते सोपे होते. विमानात एअर होस्टेस म्हणाली की पिशवी सीटखाली ठेवावी. मी म्हणालो, जमिनीवर ठेवता येत नाही. तिने कारण विचारले. मी म्हणालो, माझे वडील आहेत. ती गेली, थोड्या वेळाने माझ्यासाठी पाणी घेऊन आली, आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मी पट्टा पिशवीवरून बांधला.

शांघायच्या विमानतळावर एका तरुण अधिकाऱ्याने माझा अमेरिकन पासपोर्ट पाहिला. जन्मस्थळाच्या ओळीवर बोट ठेवले. माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. पुन्हा ओळीकडे पाहिले. मग पिशवीकडे बोट केले. मी त्याला आमाने शिकवलेला तो शब्द सांगितला. पन्नास वर्षांत तो मी कोणाजवळ उच्चारला नव्हता. त्याचे तोंड उघडे राहिले. त्याने डबा उघडला, बंद केला, आणि दोन्ही हातांनी परत दिला. माझ्या मागच्या माणसाचा कॅमेरा मात्र त्याने बराच वेळ तपासला.

त्या शहरात मी परदेशी पाहुणा होतो. पाहुण्यांचे हॉटेल वेगळे, दुकान वेगळे, नोटासुद्धा वेगळ्या. जेवायला पडद्याआड वेगळे टेबल. पडद्यापलीकडे जे लोक जेवत होते त्यांचे बोलणे मला समजत होते. माझ्या टेबलावरच्या आमच्या सहलीतल्या, पिओरिया गावच्या दोन आजी कोलेस्टेरॉलबद्दल बोलत होत्या, तेही समजत होते. दुसऱ्या दिवशी मी पडद्यापलीकडे जाऊन बसलो. वेटर आला आणि म्हणाला, पाहुण्यांची सोय तिकडे आहे. मी त्याच्याच बोलीत म्हणालो, मी पाहुणा नाही, नूडल्स आण. त्याने आणल्या.

आमची गल्ली सापडली. घर उभे होते. खालच्या नळावर एक बाई तांदूळ धूत होती. मी सांगितले की माझा जन्म वरच्या मजल्यावर झाला. ती म्हणाली, "वर तीन कुटुंबं आहेत. कोणाच्या खोलीत झाला?" मी खिडकी दाखवली. ती म्हणाली, "ती शिंप्याची. तो कामावर गेलाय. संध्याकाळी ये." मी गेलो नाही. खोली शिंप्याची होती. त्याला काय दाखवायला सांगणार होतो?

पिशवी मी हॉटेलच्या खोलीत नेली नव्हती. बागेत एका झाडाला बांधली होती. आमची गाइड, मिस चेन, चाळिशीची, नियमाने चालणारी बाई. ती सकाळी नाश्त्याला माझ्याजवळ आली.

"सर, झाडावर तुमची बॅग आहे."

"माहीत आहे."

"माळी घाबरला आहे."

मी तिला सांगितले की त्यात काय आहे आणि मी ते कोठे सोडणार आहे. ती लगेच म्हणाली, "नदीत काहीही टाकायची परवानगी नाही. परदेशी पाहुण्यांना तर अजिबात नाही."

"मी परवानगी मागितलेली नाही. तुम्हाला नंतर त्रास होऊ नये म्हणून सांगितलं."

तिने चहा ढवळला. मग म्हणाली, "त्रास होऊ नये असं वाटत असेल, तर तुम्ही मला सांगितलेलं नाही. आज गालिच्यांचा कारखाना आहे. तुमचं पोट बिघडलं आहे, असं मी गटाला सांगते." आणि उठताना म्हणाली, "बस निघण्याआधी सगळे तुम्हाला गोळ्या देतील. घ्या."

त्यांनी दिल्या. मी घेतल्या.

नदीकाठच्या धक्क्यावरून पलीकडच्या काठाला जाणारी लोकांची फेरीबोट असते. कामावर जाणारे लोक, सायकली, भाज्यांच्या टोपल्या. झाडावरची पिशवी सोडवून खांद्याला अडकवली होती, ती घेऊन मी चढलो. डावीकडे खाडीचे तोंड दिसत होते आणि त्यावरचा लोखंडी पूल. आई ज्या खाडीवर भाजी घेई ती हीच. भाजीवालीची नाव होती. ती खाडीतून निघाली असणार आणि मोठ्या नदीत फार आत गेली नसणार. लहान नाव, ऐन प्रवाह, बरोबर एक मुलगा. अण्णा काळजी घेणारे होते. एवढ्यावरून मी अंदाज केला. इंजिनिअरला याहून कमी माहितीवर पूल बांधावा लागलेला नाही. पण दुसरी माहिती माझ्याजवळ नव्हती.

फेरी तोंडाच्या समोर आली तेव्हा मी कठड्याशी गेलो, वारा पाठीशी घेतला, खाली वाकलो. सुमतीने पिशवीत काळे तीळ आणि वाळलेली तुळस बांधून दिली होती. अण्णांचे नाव घेतले, गोत्र सांगितले. आईचे नाव घेतले. डबा रिकामा केला. पूड पाण्यावर क्षणभर एका पट्ट्यासारखी राहिली आणि मग दिसेनाशी झाली. पाणी चहाच्या रंगाचे होते.

शेजारी पालेभाजीची टोपली घेऊन एक म्हातारी उभी होती. तिने विचारले, "काय टाकलंस?"

मी तो शब्द सांगितला.

"कोणाच्या?"

"वडिलांच्या."

"मग रड की!" ती ओरडली. "असा कसा मुलगा तू? तोंडातून आवाज काढ काहीतरी!"

"आमच्यात असं करत नाहीत."

"तुमच्यात म्हणजे? कुठला तू?"

"इथला. इथेच जन्मलो."

सायकली धरून उभे असलेले लोक हसू लागले. एक जण म्हणाला, "माझ्या आजीसारखं बोलतो हा!" दुसरा म्हणाला, "आजीसारखं नाही, पणजीसारखं." म्हातारीने त्यांना गप्प केले. तिने कठड्याला हात लावला, पाण्याकडे तोंड केले आणि रीतीप्रमाणे मोठा हेल काढून रडली. आधी माझ्या वडिलांचे नाव काय, ते विचारून घेतले. "अण्णा" तिला नीट म्हणता आले नाही, पण तिने ते दोनदा म्हटले. मग धक्का आला, तिने टोपली उचलली आणि उतरली.

मी त्याच फेरीने परतलो. संध्याकाळी गटाला पोट बरे असल्याचे सांगितले.

रविवारी, २५ ऑक्टोबरला, नेपरव्हिलच्या घरी पोहोचलो. सकाळचे आठ वाजले होते, नाशिकला संध्याकाळ. कोट न काढता दादाला फोन लावला. सुमती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मला त्या क्षणी भीती वाटत होती, हे लिहिण्यात कमीपणा नाही. आमच्या पिढीत आता आम्ही दोघेच आहोत. तो फोन ठेवून देऊ शकत होता, कायमचा.

"मी आलो," मी म्हणालो. "अण्णांना सोडलं."

तिकडून रेडिओचा आवाज येत होता. तो कोणीतरी बंद केला.

"कुठे?" दादाने विचारले.

"खाडी जिथे नदीला मिळते तिथे. लोखंडी पुलाच्या समोर. फेरीतून."



"तिथेच," दादा म्हणाला. "थोडं अलीकडे. पण तिथेच." मग म्हणाला, "नाव फार हलत होती. अण्णांनी एका हातानं मडकं धरलं होतं आणि एका हातानं मला. मग मडकं सोडलं आणि मला दोन्ही हातांनी धरलं."

हे त्याने मला कधी सांगितले नव्हते. बहुधा कोणालाच नाही. ठिकाणाबद्दल तो खरे बोलला की मला बरे वाटावे म्हणून बोलला, ते मी विचारले नाही. विचारणारही नाही.

"एक सांगतो," त्याचा आवाज पुन्हा मास्तरांचा झाला. "उद्या सकाळी मी गोदावरीवर जाणार. दोघांच्याही नावानं पाणी सोडणार. तू अडवणार आहेस का?"

"नाही."

"अडवलंस तरी मी ऐकणार नव्हतो."

"माहीत आहे."

"थंडी पडली का तिकडे?"

"पडेल."

त्याने फोन ठेवला. सुमतीने विचारले, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "उद्या पाणी सोडणार आहे." ती म्हणाली, "मग झालं तर," आणि कांदा चिरायला गेली.

दुपारी अजयचा फोन आला. त्याला मी थोडक्यात सगळे सांगितले आणि आणखी एक गोष्ट सांगितली, ती इथेही लिहून ठेवतो, म्हणजे पुढे वाद नको. मला कोठेही न्यायचे नाही. शांघाय नको, नाशिक नको, पुणे नको. या गावातून नदी वाहते, तिच्यात सोडायचे. गावाची परवानगी काय लागते ते मी चौकशी करून ठेवणार आहे. परवानगी मिळाली नाही तर मला जे करता आले ते त्यालाही करता येईल.

अजय म्हणाला, "ओके बाबा. बट नॉट टुडे, राइट?"

"आज नाही."

"आणि आई?"

सुमतीने माझ्या हातातून फोन घेतला. म्हणाली, "मी कुठे जाणार? इथेच." फोन मला परत दिला.

तुमच्यापैकी कित्येकांनी मला विचारले आहे की इतकी वर्षे झाली, आता घर कोणते मानता. मागे राहिलेले विचारतात तेव्हा त्यांना एक उत्तर हवे असते, इथे आलेल्यांना दुसरे. माझ्याजवळ दोन्ही नाहीत. माझी आई एका चिनी नदीत आहे, आणि ती तिथे अडकलेली नव्हती. ती तिथे राहत होती. अण्णा तिच्याकडे गेले. दादा गोदावरीच्या काठी आहे. सुमती इथे आहे. ज्या गावी मला परका म्हणतात तिथे मी आजीसारखा बोलतो, आणि ज्या गावी मला नागरिक म्हणतात तिथे माझा उच्चार ऐकून अजून विचारतात की तुम्ही मूळचे कुठले. विचारू देत. मी आता मूळ सांगत नाही. मी रस्ता आणि घराचा नंबर सांगतो.

संध्याकाळी रेडिओवर रात्री पाणी गोठेल असा थंडीचा पहिला इशारा आला. मागच्या अंगणात जाऊन झाडांना पाणी घालायची नळी सोडवली, तिच्यातले पाणी काढले, ती गुंडाळून ठेवली. मग तळघरात उतरलो आणि पाइप फुटू नये म्हणून बाहेरच्या नळाचा कॉक बंद केला.